सात गिटारी आणि दोन हात

घरात पुस्तकांचा संग्रह असला की लोक त्यास व्यासंग म्हणतात, तांब्यापितळेच्या भांड्यांचा असला की वाडवडिलांची पुण्याई म्हणतात. गिटारींचा संग्रह असला तर त्यास काय म्हणावे, हे मात्र आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गेल्या चाळीस वर्षांत ठरविता आलेले नाही. काहींच्या मते तो शौक, काहींच्या मते खूळ. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ती अडगळ. कारण नाताळच्या साफसफाईत सात पेट्या हलविण्याचे काम त्यांच्याकडे असते. आम्ही स्वतः मात्र तिला आगोट म्हणत आलो. पावसाळा तोंडावर आला की वसईच्या घराघरांतून तांदूळ, सुकी मासळी आणि लाकूडफाटा भरून ठेवीत. पुढे चार महिने काही मिळेल याची खात्री नसे, म्हणून मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचे. आमच्या गिटारीही अशाच मिळेल तेव्हा घेऊन ठेवलेल्या. या आगोटीची फेरतपासणी करण्याचा प्रसंग अलीकडे आमच्यावर आला. त्या निमित्ताने जे दिसले, ते संगीताशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजच्या तरुण वाचकांना त्या टंचाईची कल्पना येणे कठीण आहे. १९७९ साली आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा वडिलांनी कलकत्त्याच्या बनावटीची एक साधी गिटार घेऊन दिली. पोकळ पेटीची, विजेशी संबंध नसलेली. परदेशी इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायची म्हटले तर परवाना आणि भरमसाट जकात यांची भिंत आड येई. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर ती भिंत हळूहळू खचू लागली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध तर २००१ साली उठले. तोवर इलेक्ट्रिक गिटार येई ती बोटीवरच्या खलाशाच्या सामानातून, किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या काखेतून. तारांचीही तीच गत. जुन्या, मळलेल्या तारा आम्ही उकळत्या पाण्यात टाकून, पुसून, सुकवून पुन्हा लावीत असू. त्यांना पुन्हा थोडे दिवस कंठ फुटे. अशा काळात हाती आलेले वाद्य दुसऱ्यास देण्याचा विचार कोणी करीत नसे.

त्या सातांचा परिचय थोडक्यात करून देतो. पहिली ही कलकत्त्याची. दुसरी आमच्या थोरल्या काकांची. काका मालवाहू बोटीवर होते, आणि १९६८ साली त्यांनी जपानच्या कोबे बंदरातून एक लाल रंगाची, चकाकत्या बटणांची छोटेखानी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली आणि ओटीवरच्या भिंतीला टांगली गेली. तिसरी, मस्कतमध्ये नोकरीला असताना १९८७ साली घेतलेली, स्ट्रॅटोकास्टर घडणीची. चौथी लेस पॉल घडणीची, वजनदार, मधाच्या रंगाची; तिच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे. पाचवी बारा तारांची, सहावी अर्धपोकळ अंगाची, आणि सातवी चार तारांची बेस गिटार. शेवटच्या तिन्ही १९९९ नंतरच्या, म्हणजे दुकानात सरळ जाऊन पैसे मोजून घेता येऊ लागल्या त्या काळातल्या. पण टंचाईत जडलेली सवय सुबत्ता आली म्हणून लगेच सुटत नाही.

आता त्या चौथीविषयी. मुंबईच्या एका हॉटेलात रात्रीच्या वाद्यवृंदात वाजविणारे एक गोवेकर गृहस्थ आमचे स्नेही होते. आमच्याहून वीस वर्षांनी वडील. आम्ही त्यांना अंकल म्हणत असू. १९९६ साली मुलाकडे कॅनडाला कायमचे जाण्याचे त्यांनी ठरविले आणि आपली लेस पॉल आम्हांस देऊ केली. पैसे त्यांनी बेताचेच घेतले, पण पेटीचे कुलूप लावताना म्हणाले, "हे बघ, वाजवणार असशील तरच ने. भिंतीला लावायची असेल तर माझी मी घेऊन जातो." आम्ही वचन दिले, आणि पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षे ते पाळलेही. लग्ने, नाताळचे कार्यक्रम, धर्मग्रामाचे सण, सगळीकडे ती आमच्या गळ्यात असे. अंकल २०११ साली तिकडेच देवाघरी गेले.

दोन वर्षांपूर्वी आमचा डावा खांदा धरला. गिटारीचा पट्टा ज्या खांद्यावर पडतो तोच हा खांदा. पाठोपाठ डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यानेही कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी चित्रे काढली, तपासले आणि साठीत प्रवेश केलेल्या माणसास जे सांगतात ते सांगितले: सांध्याची झीज आहे, ती भरून येणार नाही, पण बेताने वागलात तर वाढणारही नाही. "गळ्यात ओझे अडकवून तास तास उभे राहणे बंद करा," ते म्हणाले, "आणि बोटांना कमी जोर लागेल असे एखादे वाद्य मिळते का पाहा." वाद्य सोडा असे ते म्हणाले नाहीत, हेच आम्हांस पुष्कळ वाटले. हलके वाद्य शोधण्यासाठी कन्येला बरोबर घेऊन आम्ही मुंबईस निघालो.

चर्चगेटला उतरून धोबीतलावापर्यंत पायी जाण्यात एक वेगळा आनंद आहे. आपल्या समाजाच्या संगीताचा बराच इतिहास या एका चौकाच्या आसपास घडला. फुर्ताडोज ही वाद्यांची पेढी १८६५ सालची. बोटीची वाट पाहणारे गोव्याचे खलाशी आणि कामाच्या शोधातले वादक जेथे उतरत ते कूडही याच परिसरातले. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार घेऊन जाणाऱ्या कितीतरी वादकांनी हा रस्ता तुडविला आहे. याच भागातील एका दुकानात आम्ही शिरलो. भिंतभर गिटारी. आमच्या उमेदीच्या काळात हे दृश्य फक्त परदेशी मासिकांतून पाहावयास मिळे.

वाद्य पारखण्याची आमची एक पद्धत आहे, ती येथे नोंदवून ठेवतो. कोणास मुलांसाठी गिटार घ्यावयाची असेल तर कामी येईल. पहिली गोष्ट, इलेक्ट्रिक गिटार असली तरी आधी ती विजेला न जोडता वाजवावी. जी न जोडता मेलेली वाटते ती जोडल्यावर मोठ्याने मेलेली वाटते, एवढाच फरक. दुसरी गोष्ट, सर्व गिटारी एकाच अँप्लिफायरवर, एकाच मापाच्या आवाजात आणि कोणतीही जादा करामत न लावता ऐकाव्यात. तिसरी, दर वेळी तीच चार सुरावटींची मालिका वाजवावी. नव्या वाद्यावर नवे काही वाजविले की तुलना राहत नाही. चौथी, पट्टा लावून घड्याळी दहा मिनिटे उभे राहावे. बसून सगळीच वाद्ये हलकी वाटतात. आणि पाचवी, या खेपेस कन्येने सुचविलेली: डोळे मिटून घ्यावेत. "बाबा, तुम्ही नाव वाचलंत की लगेच आवाज आवडायला लागतो," ती म्हणाली. तेव्हा ती एकेक गिटार हाती देणार आणि आम्ही डोळे मिटून वाजविणार, असे ठरले. दुकानातल्या तरुण विक्रेत्यास गंमत वाटली असावी. एक स्टूल पुढे सरकवीत तो म्हणाला, "अंकल, आरामात बघा, घाई नाही."

पहिली हाती आली ती फळीसारखी सपाट. कोपर टेकताच कळले, टेलिकास्टर. भरीव लाकडाची ही साधी गिटार कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी १९५० साली बाजारात आणली, आणि आजचे नाव तिला १९५१ साली मिळाले. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. पण जे बिघडते ते सुटे करून बदलता आले पाहिजे, हे रेडिओवाल्यास पक्के ठाऊक असते. म्हणून त्यांनी गिटारीची मानही धडाला चार स्क्रूंनी जोडली. मान खराब झाली तर नवी बसवा, बाकीचे वाद्य शाबूत. तिचा आवाज उभा, स्पष्ट, लपवाछपवी न करणारा.

दुसरी स्ट्रॅटोकास्टर, १९५४ सालची घडण. हिचे अंग पोटाशी आणि कोपराखाली तासून गोलाईदार केलेले असल्याने ती शरीराला बिलगते. पण विजेला जोडल्याबरोबर एक बारीक गुणगुण ऐकू आली. ती का येते ते सांगतो. तारेच्या खाली पिकअप नावाचा जो भाग असतो, तो म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले लोहचुंबक. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि अँप्लिफायर त्याला मोठा करतो. एवढेच या वाद्याचे रहस्य. मात्र ते वेढे भिंतीतल्या विजेची चाहूलही घेतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून ती गुणगुण येते. गिब्सन या पेढीतील सेथ लव्हर या अभियंत्याने त्यावर तोड काढली: दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, वेढे एकमेकींच्या उलट आणि चुंबकाची टोकेही उलट. बाहेरची गुणगुण परस्परांत विरते, तारेचा नाद मात्र दुणावतो. १९५५ साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५७ पासून ही जोडगुंडाळी गिटारींवर बसू लागली.

तिसरी गिटार कन्येने हाती दिली तेव्हा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मांडीवर एकदम भार पडला. लेस पॉल, महोगनीचे धड, वर मेपलचा थर. डोळे मिटलेले असूनही आम्हांस अंकल दिसले. आवाज तोच, जाड, मध ओतल्यासारखा. पण पट्टा लावून उभे राहिलो तो सात मिनिटांतच खांद्याने जबाब दिला. गंमत अशी की, १९५२ साली निघालेल्या या घडणीचा खप पुढे इतका घटला की १९६१ साली तिच्या जागी पातळ अंगाची नवी घडण आणण्यात आली, आणि जुनी घडण परतली ती १९६८ साली. वाद्याची किंमत काळ कशी वरखाली करतो, याचा हा एक दाखला.

चौथी गिटार म्हणजे तीच पातळ अंगाची, एसजी नावाने ओळखली जाणारी घडण. वजनाला हलकी; हात सोडला की मान मात्र जमिनीकडे झुकते. ही हाती घेतली की आम्हांस सिस्टर रोझेटा थार्प यांची आठवण होते. १९१५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने लहानपणापासून प्रार्थनामंदिरात गिटार वाजविली आणि भक्तिगीतांना विजेच्या गिटारीची साथ दिली. १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, पावसाळी हवेत, गळ्यात पांढरी गिटार अडकवून त्या गायल्या. श्रोते समोरच्या फलाटावर बसले होते. त्यांची ती गिटार याच घडणीची. भक्ती आणि इलेक्ट्रिक गिटार यांचे जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी ते चित्रीकरण अवश्य पाहावे.

चौथीपाशी आणखी एक गोष्ट ध्यानी आली. तिच्या तारा बोटांना मऊ लागत होत्या. तारा त्याच मापाच्या, सूरही तेच, मग फरक कशाचा? फरक लांबीचा. फेंडरच्या गिटारीत तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या गिटारीत पावणेपंचवीस इंच. तोच सूर काढण्यासाठी लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे पाऊण इंच कमी होताच ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरक दुखऱ्या अंगठ्याला मात्र पहिल्याच सुरावटीत कळला.

पाचवी अर्धपोकळ घडणीची, आमच्या सहावीची जणू बहीणच. तिच्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. कारण तिच्यात जे आहे ते आमच्या घरी आहेच. आणि हेच त्या दुपारचे मुख्य फलित ठरले. पाचांपैकी तीन आवाज तर आम्ही घरी पेटीत बंद करून आलो होतो. उरलेल्या दोहोंत जे हवेहवेसे वाटले, ते दोन शब्दांत सांगता येण्यासारखे होते: हलके अंग आणि आखूड तार. विक्रेत्याचे आभार मानून, तारांचे दोन संच घेऊन आम्ही निघालो. गाडीत कन्या म्हणाली, "बाबा, काकाआजोबांची लाल गिटार केवढी आहे हो?" केवढी आहे हे आम्ही कधी मोजले नव्हते. ती मोजण्याची वस्तू नव्हती. ती काकांची आठवण होती.

घरी येताच ती भिंतीवरून उतरविली. शिलाईच्या फितीने मोजली. मानेच्या टोकाच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी भरली चोवीस इंच. म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या मानाने ताण अकरा टक्क्यांच्या आसपास कमी. वजन काट्यावर तीन किलोंच्या आत. ज्या दोन गुणांसाठी आम्ही मुंबईची वारी केली, ते दोन्ही गुण आमच्याच ओटीवर टांगलेले होते. अर्थात इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने तिची दशा झाली होती. तारा गंजून लाल, बटणे फिरविली की खरखर, एक पिकअप मुका. गावातल्या एका वृद्ध रेडिओवाल्याकडे ती नेली. त्यांनी मागची पट्टी उघडली, डोळ्यांवर भिंग चढविले आणि म्हणाले, "ह्याच्यात काय आहे? अर्धा रेडिओ तर आहे." एक तुटलेला टाका त्यांनी जोडला, बटणांची आतली धूळ द्रव घालून साफ केली, नवा खटका बसविला. लिओ फेंडर यांचे मूळ आठवून आम्ही मनोमन हसलो. मानेतली लोखंडी सळई बेताने पिळून वाकलेली मान आम्हीच सरळ केली आणि नव्या तारा चढविल्या.

ती बोलू लागली तेव्हा काय वाटले, ते सांगणे अवघड आहे. आवाज किंचित नाकातला, पण गोड. आमच्या बालपणी रेडिओवर व्हॅन शिप्ले किंवा हजारा सिंग यांनी हवाई गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या धून लागत, त्या काळची चव तिच्यात होती. मांडीवर आडवी ठेवून धातूच्या तुकड्याने घासून वाजविण्याची ही हवाई गिटारच विजेवर प्रथम चढली. १९३२ साली विक्रीस आलेली रिकनबॅकर पेढीची पहिली इलेक्ट्रिक गिटार याच जातीची. काका सुट्टीवर आले की रेडिओला कान लावून त्या धून उतरवून घेत. आता खांद्यावर पट्टा टाकून आम्ही अर्धा तास उभे राहिलो. खांदा गप्प होता.

मग प्रश्न आला उरलेल्यांचा. थोर वादकांनी आपल्या संग्रहाचे काय केले, याची उदाहरणे यावेळी डोळ्यांपुढे होती. १९७० साली एरिक क्लॅप्टन यांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर एकदम घेतल्या. त्यांतल्या तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड या मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिहींचे उत्तम उत्तम भाग जोडून स्वतःसाठी एकच गिटार केली. तीच त्यांनी वर्षानुवर्षे वाजविली, आणि २००४ साली तीही व्यसनमुक्तीच्या कार्यासाठी लिलावात दिली. तिला ९ लक्ष ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. डेव्हिड गिल्मर यांनी जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे शंभराहून अधिक गिटारी विकल्या. त्यांची काळी स्ट्रॅटोकास्टर एकटीच ३९ लक्ष ७५ हजार डॉलरला गेली, आणि एकूण सुमारे २ कोटी १५ लक्ष डॉलर त्यांनी पर्यावरण-रक्षणाच्या संस्थेला दिले. त्यांच्या आकड्यांशी आपला काय संबंध? पण हिशेब तोच आहे. ज्यांना हवे तितके ठेवता आले असते, त्यांनीही हातांपुरते ठेवून बाकीचे मोकळे केले.

आणखी एक विचार मनात होता. गिटारीच्या मानेवर बोटे फिरतात ती पट्टी पुष्कळदा शिसवीची असते, आणि त्यातली कितीतरी शिसव आपल्या भारतातून जाते. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून बंद आहे. २०१७ साली शिसवीच्या सर्व जातींच्या व्यापारावर निर्बंध आले, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. झाड उभे राहण्यास कित्येक दशके लागतात. असे लाकूड एकदा वाद्यात उतरले की त्याने वाजत राहावे, हे बरे. कपाटातल्या पेटीत ते झाडही नसते आणि वाद्यही नसते.

तेव्हा आम्ही प्रत्येक गिटारीस तीन प्रश्न विचारले. गेल्या वर्षभरात तू वाजलीस का? तुझा आवाज घरातल्या दुसरीकडे आहे का? आणि आमच्याहून तुझी अधिक गरज कोणास आहे का?

कलकत्त्याची गिटार पहिल्याच प्रश्नात उत्तीर्ण झाली. रोज संध्याकाळी ती वाजते. अर्धपोकळही राहिली, कारण बसून वाजविता येते आणि तिचा आवाज दुसरीत नाही. काकांची लाल गिटार भिंतीवरून हातात आली. बारा तारांची आणि बेस या दोघी तर नावापुरत्याच आमच्या होत्या. वर्षातले बरेच दिवस त्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाकडेच असत. त्या तिथल्याच झाल्या. या ठिकाणी एक नोंद करणे उचित होईल. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जो दस्तऐवज दिला, त्यात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आहे. पण पवित्र कार्यास योग्य अशी अन्य वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असे म्हटले आहे. त्या एका वाक्याने आमच्या पिढीच्या गिटारीला मिस्सेत जागा मिळाली. जेथे जागा मिळाली तेथे वाद्यही असावे. मस्कतची स्ट्रॅटोकास्टर याच गायकवृंदातील एका मुलीकडे गेली. ती आजवर मागून आणलेल्या गिटारीवर सराव करीत असे.

राहिली चौथी. तिच्यापाशी तीन प्रश्न पुरेनात. ती विकावी असे बोलून दाखविताच सौभाग्यवती, ज्या आजवर सातही गिटारींना अडगळ म्हणत आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "अंकलची गिटार देणार? तुमच्या हातात तिला मी आपल्या लग्नाच्या पंचवीस वर्षांच्या मिस्सेत ऐकलीय." आम्ही निरुत्तर झालो. आठ-दहा दिवस तो विषय घरात कोणी काढला नाही. मात्र पेटीकडे नजर गेली की कुलूप लावताना अंकल बोलले ते शब्द ऐकू येत. वाजवणार असशील तरच ने. ती आठवण म्हणून जपून ठेवली असती तर कोणी दोष दिला नसता; पण ज्यांची आठवण, त्यांचाच शब्द मोडला असता. हे बोलून दाखविल्यावर सौभाग्यवतींनी स्वतः पेटी पुसून दिली.

जवळच्याच गावात लग्नसमारंभांत वाजविणाऱ्या वाद्यवृंदात एक तरुण आहे. हात चांगला, वाद्य जेमतेम. त्याला बोलावून गिटार गळ्यात घालावयास दिली आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तो पाऊण तास वाजवीत होता. किंमत त्याला परवडेल अशी, हप्त्याने, पण घेतली मात्र. फुकट मिळालेल्या वस्तूची आबाळ होते, हे अंकललाही ठाऊक होते. आलेल्या पैशांतून गायकवृंदाचा फाटक्या आवाजाचा अँप्लिफायर बदलला. आणि कुलूप लावताना त्याला शर्त सांगितली, ज्या शब्दांत ती आम्हांस सांगण्यात आली होती त्याच शब्दांत. "ज्या दिवशी वाजवता येणार नाही, त्या दिवशी पुढच्याला दे." एवढे एक वाक्य आमच्या पदरचे.

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवात त्याच तरुणाचा वाद्यवृंद होता. आम्ही मागच्या रांगेत, पंख्याखाली जागा धरून बसलो होतो. नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला त्याने सुरुवात केली आणि तो जाड, मधाळ आवाज मांडवभर पसरला. इतकी वर्षे ते वाद्य आम्ही वाजविले. पण ते आमच्या पोटाशी असे, अँप्लिफायर पाठीशी असे, आणि लक्ष बोटांत गुंतलेले असे. पन्नास पावलांवर खुर्चीत बसलेल्या माणसास ती गिटार कशी ऐकू येते, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. ती फार सुंदर ऐकू येते. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आणि गाणे संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.